काकाजींचं कॉर्ग, इको मशीन अन् 41 स्पूल

काकाजी जाऊन आता सव्वा वर्ष झालं आणि त्यांची सामानाची खोली मोकळी करायचं काम शेवटी माझ्याच अंगावर आलं, कारण त्या खोलीतल्या वस्तूंची नावं घरात मलाच येत होती. गाव आमचं नागभीडच्या जवळ, धानाचा पट्टा. खोलीत एका भिंतीला धानाचे कट्टे रचलेले आणि समोरच्या भिंतीला काकाजींचा स्टुडिओ, म्हणजे काय तर लोखंडी रॅकवर काकूंच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळलेलं कॉर्गचं पॉलीसिक्स (एका वेळी सहा सूर वाजवणारा सिंथेसायझर), रोलँडचं आरई-201 इको मशीन, मोठ्या चकत्यांवरची टेप भरणारा-वाजवणारा अकाईचा 4000डीएस स्पूल डेक, आणि खाली पत्र्याच्या पेटीत 41 स्पूल अन् काही कॅसेटी.

ज्यांना झाडीपट्टी, म्हणजे आमचा हा पूर्व विदर्भातला धानपट्टा, माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभराची नाटकं. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक कंपन्यांचं गाव, तिथून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाला गाड्या सुटतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. काकाजी या नाटकांत पायाचा ऑर्गन वाजवायचे. 1988 मध्ये त्यांनी मुंबईच्या एका सिनेवादकाकडून हे कॉर्ग आणि इको मशीन जुनं विकत आणलं आणि त्यासाठी पटाची बैलजोडी विकली. काकू सांगतात त्या आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

इको मशीनचं झाकण उघडून काकाजींनी मला आत काय चालतं ते दाखवलं होतं, मी तिसरीत असेन. आत टेपची एक लांब बंद माळ असते, गुंडाळलेली नाही, एका चपट्या खोबणीत सैल सोडलेली, आणि मशीन चालू झालं की ती बांधीतल्या पाणसापासारखी वळणं घेत पळते. एक हेड आवाज भरतं आणि पुढे अंतराअंतरावर तीन हेडं तोच आवाज परत वाचतात, म्हणून प्रतिध्वनी. खलनायक हसला की काकाजी विंगेत बसून हळूच बटण फिरवायचे आणि ते हसू मंडपाच्या पार शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत यायचं, बायका पोरांना पोटाशी धरायच्या. आज हे मोबाईलमध्ये होतं हे मला कळतं, पण टेप घासत गेली की आवाज थोडा मऊ, थोडा मळका होतो ना, ते मला अजून कुठे ऐकू आलं नाही.

तर, द्यायचं कोणाला. मी दोन-चार फोटो टाकले आणि आठवड्यात मोठ्या शहरातून एका व्यापाऱ्याचा फोन. रक्कम ऐकून मी गप्पच झाले, खरं सांगते, काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि घराचं छप्पर दोन्ही झालं असतं. पण त्याला फक्त कॉर्ग आणि इको पाहिजे होतं. स्पूल आणि कॅसेटी तुमच्याकडेच जाळून टाका म्हणे, कचरा आहे. त्या एका शब्दाने माझं मन उठलं. काकू सपरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या, मी त्यांना आकडा सांगितला तर म्हणाल्या, "पैशे कोनाले नको राह्यते बाई, पन तो हे वाजवन का?" मी म्हटलं तो पुढे विकेल. "मंग राहू दे."

दुसरीकडे एका संग्रहालयवाल्यांशी बोलले, माणसं चांगली होती पण ते काचेत ठेवणार, वर पाटी, बटणाला हात लावायचा नाही. आता हे लाकडी मूर्तीला चालतं. अशा मशीनच्या पोटात कॅपॅसिटर असतात, वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की बिघडत जातात, टेपचे रबरी रोलर एका जागी बसून चपटे होतात. काचेत ठेवलेलं इको मशीन दहा वर्षांनी फक्त इको मशीनचं खोकं असतं. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबोर्गला इलेक्ट्रॉनिक वाद्यांचं एक संग्रहालय आहे, सुमारे 5000 वाद्यं, आणि तिथे लोकांना त्यातली वाजवायला देतात, असं काही नागपूरला असतं तर मी स्वतः डोक्यावर घेऊन गेले असते.

त्याच दिवसांत मी अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, गोष्ट वाचली. 1969 मध्ये तिथे मूग कंपनीचा सिंथेसायझर आला, अमेरिकेहून संगीतकार डेव्हिड ट्यूडर येऊन स्टुडिओ उभा करून गेले, गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी त्यावर काम केलं, आणि 1972-73 च्या आसपास सगळं थंडावलं. पण टेपा संस्थेतच राहिल्या, आणि त्यातलं निवडक संगीत 2023 मध्ये लोकांना ऐकायला मिळालं. म्हणजे पन्नास वर्षं ते कपाटात होतं म्हणून वाचलं, कोणी कचरा म्हणून फेकलं नाही म्हणून. मी त्या रात्री पेटी उघडून स्पूल मोजले, 41. अकाईवर सात इंची स्पूलची 1800 फूट टेप कमी स्पीडला एका बाजूने 96 मिनिटं चालते, आणि काकाजींनी नाटकांच्या तालमी त्यात भरल्या आहेत. त्यातले निम्मे गाणारे आज हयात नाहीत.

मग ठरवलं की द्यायचं तर सगळं एकत्र, आणि जो दुरुस्त करेल अन् वाजवेल त्यालाच. काकाजींचे एक चेले वडशाला आहेत, मी त्यांना दादा म्हणते, अजून कंपनीत कीबोर्डवर बसतात, आणि त्यांची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून राहिली. ते दोघं मेकॅनिक घेऊन आले. माझा चुलतभाऊ उत्साहात कॉर्गची वायर सरळ भिंतीत लावायला गेला होता, त्या मुलीने हात धरला त्याचा. मागच्या पट्टीवर 100 व्होल्ट लिहिलंय, जपानचं मशीन, आपल्या 230 वर लावलं असतं तर धूरच. काकाजींचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर कट्ट्यांमागे सापडला. मेकॅनिकभाऊंनी त्याच्याआधी सिरीज बोर्डात 60 वॅटचा बल्ब टाकला, सगळे श्वास रोखून त्या बल्बकडे बघत होतो, भडकून पेटला तर आत शॉर्ट. तो एकदा पेटला आणि मंद झाला. काकूंनी हात जोडले.

आवाज मात्र नाही. उघडलं तर जे पॉलीसिक्सवाल्यांना जगभर भोगावं लागतं तेच. मेमरी टिकवायला आतल्या केएलएम-367 नावाच्या सर्किट बोर्डावर एक बॅटरी झाळलेली असते, निकेल-कॅडमियमची, ती म्हातारी झाली की गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. बोर्डाचा तो कोपरा मोरचुदासारखा हिरवा झाला होता. त्या पोरीने कानात घालायच्या काडीने व्हिनेगर लावून (गळालेलं अल्कली असतं, म्हणून आम्ल) एकेक रेष साफ केली, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मग जिथे तांबं उरलंच नव्हतं तिथे केसासारखी बारीक वायर टाकून जोडत गेली. तीन रविवार. पैशाचं नाव काढलं नाही. चौथ्या रविवारी सहाही सूर बोलले, आणि तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं की घर सापडलं.

साध्या कागदावर चार गोष्टी लिहिल्या, काकू, दादा आणि मी, तिघांच्या सह्या. वेगवेगळं विकायचं नाही. महिन्यातून एकदा तरी चालू करायचं. सांभाळणं झालं नाही तर परत आम्हाला. आणि शिकायला कोणी आलं तर नाही म्हणायचं नाही. स्पूल तेवढे मी माझ्याकडे ठेवलेत, नागपूरच्या फ्लॅटमध्ये, कारण खोलीत ओल आणि उन्हाळ्यात पारा 45 च्या वर, टेप दोन्हीत मरते. एकेक करून डिजिटल करतेय, चिकट झालेले सहा बाजूला ठेवलेत, ते जाणकाराशिवाय चालवायचे नाहीत, नाहीतर टेपवरचा सगळा मसाला, ज्यात आवाज भरलेला असतो तो थर, हेडवर निघून येतो. गुरुग्रामला एआरसीई म्हणून संगीताच्या ध्वनिमुद्रणांची संग्रह-संस्था आहे, 1982 पासून असे संग्रह सांभाळते, त्यांना पत्र लिहिलंय.

एक राहिलंच. बॅटरी गेली म्हणजे कॉर्गच्या 32 ही मेमऱ्या गेल्या, काकाजींनी स्वतः बनवलेले सगळे आवाज. पेटीत एक कॅसेट होती, वर निळ्या शाईने फक्त "मशीन". मी ती घरी लावून पाहिली होती, नुसती किर्र किर्र, खराब झाली म्हणून टाकायला काढलेली पण टाकली नाही. दादांनी बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला. ते आवाज नव्हतेच, मेमरी होती. त्या काळात मशीनची मेमरी कॅसेटवर भरून ठेवायचे. टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, वायर जोडली, दोनदा एरर, व्हॉल्यूम थोडा वाढवून तिसऱ्यांदा घेतली.

काकाजींच्या वहीत यादी आहे. बँक सी, नंबर 5 समोर लिहिलंय "पहाट", शेवटच्या अंकाला हे वाजायचं. दादांनी ते बटण दाबलं आणि दोन सूर धरून ठेवले. काकू आत चुलीपाशी होत्या. हातातला चिमटा घेऊनच बाहेर आल्या.