पिकअपच्या डिफरन्समध्ये लॉकर, आणि भर पावसात गिरणारे–हरसूल–पेठ फेरा

ऐन भाताच्या आवणीच्या दिवसांत पिकअप घेऊन नाशिक, गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल आणि येताना पेठ असा फेरा मारला. हरसूलच्या पुढे एका पाड्यावर मेव्हण्याकडे खताच्या गोण्या पोचवायच्या होत्या, आणि मागच्या डिफरन्समध्ये (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीत) नुकताच बसवलेला लॉकर, म्हणजे एक चाक घसरलं की दोन्ही चाकं जखडून एकत्र फिरवणारा भाग, खऱ्या चिखलात कसा वागतो तेही बघायचं होतं. गाडी फोर-व्हील नाही, नुसती मागच्या चाकांवर ओढणारी. टोमॅटोची कॅरेटं शेतातून रस्त्यापर्यंत आणणारी अशी पिकअप तुमच्याकडेही असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

साध्या डिफरन्सची गंमत पावसाळ्यात सगळेच बघतात. एक चाक चिखलात गरगर फिरतं, दुसरं कोरड्या मुरमावर ढिम्म उभं. डिफरन्स दोन्ही बाजूंना सारखाच जोर वाटतो. घसरणारं चाक फिरवायला जेवढा किरकोळ जोर लागतो, तेवढाच पकड असलेल्या चाकाच्या वाट्याला येतो. तेवढ्यात भरलेली गाडी काय हलणार? रिकामी पिकअप तर जास्तच नाटकं करते, कारण मागच्या एक्सलवर वजनच नसतं.

यावर उपाय बरेच आहेत. प्लेटांचा एलएसडी (चाकाचं घसरणं आवरणारा डिफरन्स) रस्त्यावर छान चालतो, पण प्लेटा झिजतात आणि त्याला वेगळं ऑइल किंवा त्यात मिसळायचं फ्रिक्शन मॉडिफायर लागतं. गिअरवाला एलएसडी झिजत नाही, पण एक चाक पुरतं हवेत गेलं की तोही साध्यासारखाच वागतो. तेव्हा ब्रेक हलका दाबून ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. एअर लॉकर सगळ्यात पक्का, बटण दाबलं की दोन्ही चाकं एक. पण कॉम्प्रेसर, नळ्या, वायरिंग, आणि खिशाला चाट. मी आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर घेतला. २०२० नंतरच्या थारच्या काही मॉडेलांत आणि बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलात कंपनीकडूनच येतो, त्याच तत्त्वावरचा. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि तो लागतो. ताशी ३० किलोमीटरच्या थोडं वर गेलात की लागतच नाही, म्हणजे हायवेवर गाडी नेहमीसारखीच. भाडं मारणाऱ्या गाडीला मला तरी हेच पटतं. ड्रायव्हर बदलला तरी त्याला काही शिकवावं लागत नाही.

लॉकर घेण्याआधी तीन गोष्टी जुळवा: एक्सलच्या आट्यांची (टोकावरच्या खाचांची) संख्या, कॅरियरच्या (डिफरन्सचे गिअर धरणाऱ्या चौकटीच्या) बेअरिंगचा साईज आणि क्राऊनच्या (कॅरियरवरच्या मोठ्या दातेरी चाकाच्या) बोल्टांची जागा. गाडीचं नाव एकच असलं तरी वर्षागणिक एक्सल बदललेला असू शकतो, म्हणून दुकानदाराच्या तोंडी हमीवर न जाता हाउसिंग (डिफरन्सवरचं लोखंडी कवच) उघडून मोजूनच ऑर्डर द्या. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) दात हा रेशो तोच ठेवला, तर स्पीडोमीटर आणि ॲव्हरेजला धक्का लागत नाही. फोर-व्हील पिकअप असेल तर पुढचा-मागचा रेशो एकच हवा, नाहीतर पैसे पाण्यात.

काम नाशकातल्या अंबडच्या एका गॅरेजात केलं. मिस्त्रीकाका वयाने मोठे, हात सावकाश. जुनंच क्राऊन-पिनियन ठेवायचं होतं, म्हणून पिनियनला त्यांनी हातच लावला नाही; फक्त कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या शिम (पातळ चकत्या) बदलत राहिले. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मीटर) क्राऊनच्या दातावर टेकवून हलकं मागे-पुढे करायचं, काटा बघायचा, पुन्हा खोलायचं. दोन दातांमधला ढिलेपणा ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास आल्यावर त्यांनी दातांना पिवळा रंग लावला आणि क्राऊन फिरवून ठसा पाहिला. ठसा दाताच्या मधोमध पाहिजे. टोकाला किंवा बुडाला गेला तर गाडी कण्हायला लागते. मी घड्याळाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, “भाऊ, घाई असंल तर दुसरीकडं न्या. रंग पाहिल्याशिवाय मी झाकण लावत नाही.” असा मिस्त्री मिळाला तर मजुरीत घासाघीस करू नका. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मात्र मॅन्युअलमधूनच घ्या. क्राऊनचे बोल्ट नवे, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळलेले, आणि ऑइल लॉकर बनवणाऱ्याने सांगितलेल्याच ग्रेडचं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

आता रस्ता. डिझेल नाशकातच भरलं, हवा तपासली. गिरणाऱ्यापर्यंत रस्ता ठीक, टोमॅटो मार्केटच्या आसपास गर्दी. वाघेरा घाटात धुकं आणि वळणावर वाहून आलेली माती, पण डांबरावर लॉकरचा काही संबंधच येत नाही. आला तर त्रासाचाच. ओल्या, तीव्र वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबलात तर आतलं चाक घसरून लॉकर लागू शकतो आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. रिकाम्या गाडीला हे जास्त. घाटात पाय हलका ठेवा.

हरसूल सोडून पाड्याकडे वळलो तशी खरी परीक्षा. एका बाजूला भाताच्या खाचराचा बांध, दुसरीकडे पाण्याचा चर. डावं चाक चरात, उजवं मुरमावर. डावं चाक फिरायला लागलं. मी पाय न काढता, न वाढवता तसाच धरला. मागून ‘कटक’ असा स्पष्ट आवाज आला आणि गाडी कोणी ढुंगणावर थाप मारल्यासारखी पुढे निघाली. पूर्वी इथे पोरं बोलावून धक्का मारावा लागायचा. नवीन लोक इथेच चुकतात: चाक फिरलं की घाबरून पाय काढतात, लॉकर लागायच्या आत सुटतो. उलट फार रेस केलीत तर दणका बसतो आणि एक्सल मोडायची वेळ येते.

पुढच्या चढावर मात्र लॉकरचं काही चाललं नाही. लाल मातीवर दोन्ही चाकांखाली सारखाच बुळबुळीत थर. दोन्ही चाकं इमानदारीने एकत्र फिरली आणि गाडी जागेवरच. पकड जिथे शिल्लकच नाही तिथे लॉकर कुठून आणणार? मेव्हणा वरून ओरडला, “दाजी, तिथंच लावा, गोण्या डोक्यावर नेऊ!” नेल्या. रिकामी गाडी खाली आणताना तर आणखी एक गोष्ट कळली. रस्ता बांधाकडे कलता होता. चाकं घसरून लॉकर लागला की दोन्ही एकदम पकड सोडतात आणि मागचा भाग उताराकडे सरकतो. साध्या डिफरन्समध्ये निदान एक चाक जमीन धरून असतं. कलत्या वाटेवर चाक फिरूच देऊ नका, कमी गिअर आणि अगदी बेताचा ॲक्सिलरेटर.

म्हणूनच पैसे मोजकेच असतील तर आधी मागचे टायर घ्या, खोल नक्षीचे, आणि दोन्ही एकाच मापाचे, सारखे झिजलेले. निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या मातीत तर टायरची नक्षीच बुजून जाते. तिथे लॉकरच्या आधी टायर आणि गाडीत फावडं, गोणपाट, दोन फळ्या, ओढायचा पट्टा हेच कामाला येतं. तुमची गाडी पिंपळगाव–मुंबई हायवेवरच धावत असेल, तर या भानगडीत पडूच नका.

येताना हरसूलवरून पेठला निघालो, तिथून कोटंबी आणि सावळ घाट उतरत-चढत नाशिक. वाटेत फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं, यात चर्चा नको. थोडंच पाणी असलं तरी तापलेलं हाउसिंग एकदम गार होतं आणि ब्रीदर (हाउसिंगला हवा घ्यायचं छिद्र) बुडालेला असेल तर आत पाणी ओढलं जातं. ब्रीदरला नळी जोडून ती बॉडीपर्यंत वर नेली की हा प्रश्न मिटतो. घरी आल्यावर ऑइलचा बोल्ट काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. माझं स्वच्छ निघालं.

पंक्चरवाल्यालाही एक गोष्ट आवर्जून सांगा: मागचं एकच चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. साध्या डिफरन्सला ही सवय चालून जाते. लॉकर लागला तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून खाली ओढतं.

हरसूलला त्र्यंबकवरून जायचा विचार असेल, तर तिसरा श्रावणी सोमवार टाळा. ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबक रोडवर त्या दिवशी आणि आदल्या रात्री भयंकर गर्दी असते, खासगी गाड्या अडवतात. जायचंच असेल तर जाताना-येताना दोन्ही वेळा गिरणाऱ्याचाच रस्ता धरा.