आटपाट नगराची गादी

आटपाट नगराच्या राजाला नाव नसतं. गोत्र कळत नाही, पक्ष कळत नाही, आधी गादीवर कोण होतं आणि यानं ती कशी मिळवली, याचाही पत्ता नसतो. कहाणी सुरू होते तेव्हा तो आपला बसलेलाच असतो आणि नगरात काहीतरी बिघडलेलं असतं. तळ्याला पाणी लागत नाही, राणीला मूल होत नाही, नाहीतर महाराजांच्या मनात भलतंच काही येतं. श्रावणात घराघरांत या कहाण्या वाचतात, हातात तांदूळ धरून ऐकतात, 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' झाली की तांदूळ वाहून उठतात. हा राजा गादीवर बसायच्या लायकीचा होता का, असं कोणी विचारत नाही.

आमच्या वावरात विचारतात.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, टिपेश्वरच्या जंगलाच्या कडेचं. श्रावणात सोयाबीन गुडघ्याला आलेलं असतं, पऱ्हाटीत निंदण चालू असतं, आणि पाऊस दोन दिवस थांबला की केना असा फोफावतो की पेरलं काय होतं तेच विसरावं. तणनाशक मारूनही तो जिथं उरायचा तिथं उरतोच. मग बाया लागतात. सोमवारी त्यातल्या निम्म्या उपाशी असतात, सकाळी डबे बांधून निघाल्यामुळे कहाणी ऐकलेली नसते, आणि माझ्या सासूबाईंचे गुडघे गेल्यामुळे त्या आता निंदत नाहीत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसतात. तिथूनच त्या कहाणी सांगतात. पोथी लागत नाही. पाथ, म्हणजे निंदणाऱ्यांची रांग, पुढं सरकली की त्याही सरकतात.

सोमवारची कहाणी खुलभर दुधाची. राजा मोठा शिवभक्त. त्याच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. प्रधान युक्तिवान. त्यानं दवंडी पिटवली की सोमवारी सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणावं. लोकांना धाक पडला. दूध आणलं, ओतलं, गाभारा काही भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. घरचं काम आटोपून, पोरांना खाऊ घालून, लेकीसुनांना न्हाऊ घालून, गाईवासरांना चारा घालून आली. तिच्याजवळ खुलभर दूध. ते वाहिलं, आणि गाभारा भरला.

इथपर्यंत सासूबाईंना कोणी मध्ये अडवत नाही. पण 'युक्तिवान प्रधान' हे शब्द गेले की पाथीतून आवाज येतोच.

"त्या प्रधानाच्या घरी वासरू होतं का वं एकतरी?"

ज्यांनी गाय दोहली आहे त्यांनाच हा प्रश्न पडू शकतो. वासरू आधी लावावं लागतं. ते आचळाला धडका देतं, गाय पान्हा सोडते, आणि त्याच्या तोंडाला फेस येतो न येतो तोच त्याला ओढून खुंट्याला बांधायचं. ते मान ताणून बघत राहतं, जीभ बाहेर काढून आपलंच नाक चाटतं. चांगल्या घरात शेवटी एक आचळ त्याच्यासाठी राखतात. दवंडी 'सगळं दूध' अशी होती, म्हणजे ते आचळही गेलं. शिवाय आमच्याकडच्या गवळाऊ गाई बैलांसाठी नावाजलेल्या, दुधासाठी नाहीत. पाथीतली एक म्हणालीच, "आपल्या गावात हे दवंडी देल्ली असती तं गाभारा जाऊ द्या, गडवा बी नाई भरत."

प्रधानाला हाकलावं, यावर वावरात एकमत आहे. त्याचा बचाव करायला आजवर कोणी उभं राहिलेलं नाही. वाद सुरू होतो तो पुढं. मग गादीवर कोण?

बहुतेकींचं मत म्हातारीला. पोरं आधी, वासरं नंतर, देव शेवटी, हा क्रम जिला ठाऊक तिनं राज्य करावं, हे म्हणणं ऐकताक्षणी पटतं. मलाही पटायचं. पण पाथीच्या टोकाला एक बुढी असते, सगळ्यांत हळू निंदते आणि तिच्यामागं गवताची एक काडी उरत नाही. ती मान वर न करता म्हणाली, "बुढी गादीवर बसली तं घरचं कोन करन?"

सगळ्या हसल्या. हसताना म्हातारीची निम्मी मतं फुटली.

मी स्वतः राजाच्या बाजूची आहे, आणि त्यापायी मला बोलणी बसतात. पण कहाणी नीट ऐका. गाभारा भरेना तेव्हा दुसरा एखादा म्हणाला असता, लोकांनी दूध लपवलं. घरोघर झडती झाली असती, चार गवळी चावडीवर बांधून ठेवले असते. या राजानं तसं केलं नाही. गाभारा कुणामुळे भरतो हे कळेना, तेव्हा तिसऱ्या सोमवारी तो स्वतः देवळात जाऊन बसला. म्हातारी सापडली तर तिला अभय दिलं आणि विचारलं, यातलं कारण काय? तिनं तोंडावर सांगितलं की तुझ्या आज्ञेनं पोरांचे-वासरांचे आत्मे तळमळले, देवाला ते आवडलं नाही. आणि त्यानं दवंडी फिरवली! आधी लेकरांना पाजा, उरलेलं आणा. दिलेला हुकूम सालभरात मागं घेणारा तलाठीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही, मग राजा तर लांबच.

"मंग पैल्याच दिवशी इचारायचं होतं ना," हे त्यावरचं उत्तर, आणि त्याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही.

शीतला सप्तमीच्या कहाणीतला राजा मात्र आमच्या चर्चेत टिकतच नाही. तळ्याला पाणी लागत नाही म्हणून जलदेवता सुनेचा थोरला मुलगा मागते, आणि हा सुनेला काहीतरी सांगून माहेरी पाठवून मुलगा तळ्यात ठेवतो. पुढं सुनेच्या व्रतानं मूल परत मिळतं, सगळं गोड होतं. तरीही. बारावीला असलेली एक पोरगी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर निंदायला येते. तिनं विचारलं, "त्याच्या स्वतःच्या पोराले काऊन नाई ठेवलं?" अशा पोरींमुळे राजेलोकांनी शाळा उशिरा काढल्या असाव्यात.

या बाया इतकं बिनधास्त कशा बोलतात, याचं मला आधी नवल वाटायचं. याच बाया ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तोंड उघडत नाहीत. तिथं कोण लायक हा प्रश्नच नसतो. कोणाचा पुतण्या, कोणत्या वेटाळातला, म्हणजे मोहल्ल्यातला, कोणाकडून बियाण्याचे पैसे उसने आणलेत, एवढं पाहिलं की मत ठरतं. थेट जनतेतून सरपंच निवडायचा असं २०१७ मध्ये ठरलं, २०२० मध्ये ते मोडलं, २०२२ मध्ये पुन्हा ठरलं. आमच्या वेटाळातला हिशेब तिन्ही वेळा तोच राहिला. आटपाट नगरात कोणाचीच भावकी नाही. तिथला प्रधान वाईट म्हटला तर रात्री कोणी दारात येऊन उभं राहत नाही, उद्याची मजुरी बुडत नाही. त्यामुळे खरं मत बाहेर पडतं, आणि ते ऐकलं की वाटतं, गावात राजकारणाची अक्कल भरपूर आहे, ती फक्त खऱ्या गावात वापरायची सोय नाही.

कहाण्यांमध्ये राजा निवडायची दुसरीही एक रीत आहे. राजा बिनवारशाचा मरतो, हत्तीच्या सोंडेत माळ देतात, हत्ती नगरभर फिरतो आणि ज्याच्या गळ्यात घालेल तो राजा. बहुधा तो वेशीवर झोपलेला कोणीतरी गरीब पोरगा असतो. आपल्याकडे सरपंचपदाचं आरक्षण काढतात तेव्हा बरणीतली चिठ्ठी लहान मुलाकडून काढवतात, तेही हत्तीचंच काम. त्याला कोणाचं नाव ठाऊक नसतं, हीच त्याची लायकी. हत्तीचा पक्ष घेणाऱ्या दोघी-तिघी आमच्यात आहेत. हत्ती निदान पैसे खात नाही, असं त्या म्हणतात.

पण हत्तीही शेवटी कोणाच्यातरी मालकीचा. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पोटी मुलगा नव्हता. राजघराण्यातल्या बायकांनी दत्तकासाठी धडपड केली, इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल डलहौसीनं ते मानलं नाही, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. मग वाड्यातले हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीला नेऊन लिलावात काढले. माळ घालणाराच विकून टाकला, म्हणजे पुढचा प्रश्न मिटला. आमच्या भागाच्या गादीचा निकाल बाहेरच्यांनी लावायचा, ही रीत त्याहून जुनी आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त विदर्भाच्या गादीवरून यज्ञसेन आणि माधवसेन या चुलतभावांचं फाटलेलं असतं, आणि विदिशेचा अग्निमित्र वरदा नदी मध्ये धरून दोघांना अर्धं अर्धं राज्य वाटून देतो. वरदा म्हणजे आपली वर्धा. भावकी तिथंही होतीच.

बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी वावरात घट मांडतात, रात्रभर तसाच ठेवतात आणि पहाटे जाऊन कोणतं धान्य जागचं हललं ते बघून सालाचं भाकीत सांगतात. त्यात पानाचा विडा म्हणजे राजा. विडा जागेवर असला की गादी शाबूत. माझा त्या भाकितावर विश्वास नाही, पण मांडणी मला आवडते, कारण तिथं राजा गव्हातुरीच्या पंगतीत बसलेला असतो. बातमी आली की आमच्याकडे पहिला प्रश्न तुरीचा येतो, मग कपाशीचा, मग पावसाचा. विड्याचं काय झालं हे चहा संपता संपता कोणीतरी विचारतं.

गादीचा वाद फक्त बायाच घालतात असं नाही. पुतण्या पुण्याहून आला की ओसरीवर त्याच्या मोबाइलभोवती पोट्टे जमतात. कुठलीशी परदेशी मालिका असते. बुडत चाललेलं एक राज्य, गादीवर हक्क सांगणारे पाच-सहा, एकाचं रक्त शुद्ध, एकाची तलवार तेज, एका पोरीकडे ड्रॅगन. पोट्टे हमरीतुमरीवर येतात. मागच्या खेपेला ती पाथीच्या टोकाची बुढी तूप मागायला आली होती, तीही टेकली. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "एवढालं जनावर. खाते काय?"

"बकऱ्या," पुतण्या म्हणाला.

"कोनाच्या?"

पुतण्यानं मोबाइल थांबवला. तो म्हणायला लागला की आजी, तसं नसते, ते राज्य वाचवायला निघालेत, त्यात चार बकऱ्या इकडं तिकडं व्हायच्याच. बुढीच्या स्वतःच्या दोन आहेत. आमच्याकडे वाघानं बकरी नेली तर वनखात्याचा माणूस येतो, फोटो काढतो, पंचनामा होतो, उशिरा का होईना पैसे येतात. "त्याईचा पंचनामा कोन करते?" तिनं विचारलं. पोट्ट्यांपैकी कोणालाच ते माहीत नव्हतं. अख्ख्या मालिकेत पंचनामा करणारा एकही माणूस नसावा, आणि असलाच तर गादीसाठी त्याचा कोणी विचार केला नसेल.

परवाच्या सोमवारी कहाणी परत झाली. मी राजाची बाजू परत लढवली, म्हातारीच्या पक्षानं मला परत पाडलं. डबे सोडायची वेळ झाली तेव्हा ती बारावीतली पोरगी केन्याची जुडी धुऱ्यावर फेकून म्हणाली, "काकू, गाभारा भरला. मंग ते दूध गेलं कुठं?"

सासूबाई म्हणाल्या, "कहाणीत नाई सांगतलं."

"अन् मंगळवारी धुतला कोनं? घाण वास सुटला असन ना."

यावर मात्र चर्चा रंगली. पुजाऱ्यानं धुतला असेल हे कोणालाच पटलं नाही. पुजाऱ्याच्या बायकोनं, असं एकीचं मत. गावातल्या चार जणींना बोलावून, आणि मजुरीच्या ऐवजी प्रसाद देऊन, असं दुसरीचं. तेवढ्यात डबे उघडले, साबुदाण्याची उसळ फिरली, आणि गादीसाठी त्या धुणारीचं नाव पुढं आलं. सासूबाई अजून म्हातारीच्याच बाजूनं आहेत. मी राजाला सोडलेलं नाही, पण प्रधानाची जागा रिकामी आहे, तिथं धुणारी चालेल असं मी म्हणून बघितलं. "प्रधान काऊन? गादीच द्या ना," असं म्हणत पोरगी हात धुवायला गेली, आणि पुढची पाथ लागली.