पोटरीतला गोळा, पित्ताची गोळी आणि दळणातला कोंडा

रात्री पोटरीत गोळा आला, की सकाळी केमिस्टकडून मॅग्नेशियमची बाटली आणायची. झोप लागत नाही, तरी तीच बाटली. हिंजवडीतल्या तिशीतल्या मुलांपासून सदाशिव पेठेतल्या आजी-आजोबांपर्यंत पुण्यात ही सवय चांगलीच रुळली आहे. मॅग्नेशियम महत्त्वाचं आहे यात वाद नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी घरातला औषधांचा डबा उघडून बघावा, मग ताट, मग पिण्याचं पाणी, आणि एवढं करूनही कमी पडत असेल तर बाटली. क्रम उलटला की पैसे जातात ते जातातच, शिवाय खरं कारण झाकलं जातं.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत असतं, बाकीचं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तातल्या द्रवात, म्हणजे सीरममध्ये, एक टक्काही नसतं. पेशीची ऊर्जा ज्या एटीपीतून येते, तो एटीपी मॅग्नेशियमशी जोडलेला असेल तरच एन्झाइम्सना वापरता येतो. ३०० हून अधिक एन्झाइम्सना ते लागतं असं म्हणतात ते यामुळेच. स्नायू आकुंचन पावल्यावर सैल पडणं, हृदयाचा ठोका नियमित राहणं, रक्तातली साखर पेशीत घेतली जाणं, या सगळ्यांत त्याचा हात आहे.

आता रिपोर्टबद्दल. सीरम मॅग्नेशियम साधारण १.७ ते २.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असलं की नॉर्मल लिहून येतं. लॅबनुसार आकडे थोडे बदलतात. पण रक्तात कमी पडू लागलं की हाडांतून ते काढून दिलं जातं आणि मूत्रपिंडं लघवीतून जाणारं रोखून धरतात. म्हणून साठा उतरणीला लागला तरी रिपोर्ट बराच काळ नॉर्मल दिसू शकतो. उलट रिपोर्टमध्ये आकडा खरोखर कमी आला, तर ‘थोडंच कमी आहे’ म्हणून सोडू नये. १.२ च्या खाली गेल्यावर हातापायाला मुंग्या, स्नायू थरथरणं, पेटके, ठोके चुकणं अशी लक्षणं दिसू लागतात. नमुन्यातही गफलत होते. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, मॅग्नेशियमला धरून ठेवतं, त्यामुळे त्या नळीतल्या रक्तावर ही तपासणी केली तर आकडा खोटा कमी येतो. नमुन्यात लाल पेशी फुटल्या असतील तर खोटा जास्त येतो, कारण पेशीच्या आत मॅग्नेशियम सीरमपेक्षा बरंच जास्त असतं. रिपोर्टवर ‘हेमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर पुन्हा नमुना द्यावा.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी. पोटॅशियम किंवा कॅल्शियम कमी आहे, औषध चालू आहे, तरी ते वर येत नाही, असं झालं तर डॉक्टरांना मॅग्नेशियम तपासायला सांगावं. ते कमी असेल तर मूत्रपिंडातून पोटॅशियम गळत राहतं, आणि कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइडचं हार्मोन पुरेसं स्रवत नाही. मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय ही दोन्ही गणितं सुटत नाहीत.

औषधांच्या डब्यात पहिली शोधायची ती पित्ताची गोळी. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल. पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी पाच-पाच वर्षं सकाळी उपाशीपोटी घेणारी माणसं पुण्यात कमी नाहीत. या गोळ्यांनी आतड्यातलं मॅग्नेशियमचं शोषण घटतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ साली याबद्दल इशारा दिला. बहुतेक रुग्णांमध्ये गोळी वर्षभराहून जास्त चाललेली होती, आणि सुमारे एक चतुर्थांश रुग्णांमध्ये वरून मॅग्नेशियम देऊनही भागलं नाही, पित्ताची गोळी थांबवावी लागली. पण ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आम्ल उसळी मारून येतं, मग ‘मला गोळीशिवाय जमतच नाही’ असं वाटतं आणि ती कायमची मागे लागते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी. ज्यांना रक्त पातळ करायच्या औषधांमुळे किंवा अल्सरमुळे ती दिली आहे, त्यांना ती लागतेच. त्यांनी तपासणी करत राहावी.

दुसरी म्हणजे लघवी वाढवणारी बीपीची गोळी. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड. पुष्कळदा ती वेगळी नसते, दुसऱ्या औषधात मिसळलेली असते. नावाच्या शेवटी ‘एच’ जोडलेला दिसला तर स्ट्रिपच्या मागचा मजकूर वाचा. याशिवाय साखर ताब्यात नसलेला मधुमेह (लघवीतून साखरेबरोबर मॅग्नेशियमही जातं), महिनोन्महिने चाललेले जुलाब आणि रोजची दारू ही नेहमीची कारणं. यातलं काहीही लागू असेल तर फक्त ताट सुधारून भागणार नाही.

ताटाचा हिशोब मात्र मन लावून करण्यासारखा आहे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेली शिफारस पुरुषांना रोज ४४० मिलिग्रॅम आणि स्त्रियांना ३७० मिलिग्रॅम अशी आहे. खाल्लेल्यापैकी साधारण ३० ते ४० टक्केच शोषलं जातं, पण शिफारशीत ते धरलेलंच असतं.

ज्वारी, बाजरी, अख्खा गहू यांच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १२० ते १३५ मिलिग्रॅम असतं, नाचणीत थोडं जास्त. पांढऱ्या तांदळात २० च्या आसपास, मैद्यात २५-३०. एवढा फरक पडतो कारण मॅग्नेशियम दाण्याच्या सालात आणि अंकुरात असतं, आणि पॉलिश करताना नेमकं तेच निघून जातं. म्हणून गिरणीतून आणलेलं गव्हाचं पीठ बारीक वस्त्रगाळ चाळणीने चाळून कोंडा टाकून देणं थांबवा. पोळी मऊ हवी म्हणून हे करतात, पण जाड चाळणीने चाळून, कणीक थोडी सैल मळून अर्धा तास झाकून ठेवली तर कोंड्यासकटही पोळी मऊ होते. कोंडा पाणी सावकाश पितो, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो.

आता बेरीज, सगळे आकडे मॅग्नेशियमच्या मिलिग्रॅममध्ये. तीन पोळ्या, म्हणजे साधारण ९० ग्रॅम कणीक: ११०. रात्री ज्वारीची एक भाकरी, ५० ग्रॅम पीठ: ६५. मटकीची उसळ, कोरडी मटकी ३० ग्रॅम: ६०. तुरीचं वरण: ३५. पालकाची भाजी, कच्चा पालक १०० ग्रॅम: ८०. भाजीतलं दाण्याचं कूट २० ग्रॅम आणि चटणीतले तीळ १० ग्रॅम मिळून ७०. दूध-दही ३०० मिलिलिटर: ३०. एक केळं: ३०. झाले ४८०. यात बाहेरून आणलेलं, महागडं असं काहीच नाही. आता याच घरातला दुसरा दिवस घ्या: सकाळी चहा-खारी, दुपारी पांढरा भात आणि पातळ वरण, संध्याकाळी पाव, रात्री बटाट्याची भाजी आणि पुन्हा भात. पोट दोन्ही दिवशी सारखंच भरतं, पण दुसऱ्या दिवशी २०० गाठतानाही दमछाक होते. पहिल्या दिवशीच्या बेरजेतून तीळ-कूट आणि उसळ काढून बघा, १३० एका फटक्यात जातात. माझ्या मते मराठी स्वयंपाकातलं दाण्याचं कूट हा मॅग्नेशियमचा सगळ्यात दुर्लक्षित स्रोत आहे. ‘तेलकट’ म्हणून ते वगळण्यापूर्वी विचार करावा.

उपासाला साबुदाण्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही, जे मिळतं ते खिचडीतल्या दाण्यांचं. राजगिरा मात्र अव्वल: ३० ग्रॅममध्ये ७५ च्या आसपास. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी करतात, तीही नुसत्या हिशोबाने बघितली तरी उत्तम आहे. भोपळ्याच्या सोललेल्या बिया मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, घेतल्या तर दीडशे मिलिग्रॅम मिळतात. गुलाबी सैंधव ‘मॅग्नेशियमयुक्त’ म्हणून विकतात. दिवसभराच्या मिठातून त्यातलं जे पोटात जातं ते मोजण्यासारखं नसतं.

कडधान्यात फायटेट असतं, ते मॅग्नेशियमला बांधून ठेवतं. मटकी आठ-दहा तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात मोड येईपर्यंत ठेवली की दाण्यातलंच एन्झाइम ते फायटेट तोडू लागतं. भाकरी मात्र पीठ मळून लगेच थापतात, तिथे हा फायदा मिळत नाही. नाचणीची आंबील किंवा ज्वारीच्या पिठाचं आंबवलेलं धिरडं यांत मिळतो. पालकातलं ऑक्झलेटही शोषण थोडं अडवतं. शिजवताना मॅग्नेशियम नष्ट होत नाही, पाण्यात उतरतं. पालेभाजी उकडून पाणी मोरीत ओतलं तर ते गेलं. पुरणासाठी डाळ शिजवून वरच्या पाण्याची कटाची आमटी करणाऱ्यांनी ते नेमकं वाचवलेलं असतं. चिंच घातल्यावर अळूचं फदफदं मळकट हिरवं होतं, ते हरितद्रव्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियमचा अणू आम्लामुळे सुटतो म्हणून. रंग गेला तरी मॅग्नेशियम रश्शातच राहतं, त्यामुळे काळजी नको.

पाण्याचं पुण्यात वेगळंच आहे. खडकवासला धरणसाखळीचं पाणी मृदू, त्यातून फार मिळत नाही. बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत काळ्या पाषाणातून येणारं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही असतात. पाण्याच्या रिपोर्टमध्ये ‘मॅग्नेशियम हार्डनेस’ असा आकडा असेल तर त्याला ०.२४ ने गुणा, की लिटरमागे मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. हार्डनेस १०० असेल तर लिटरला २४, दोन लिटरमागे जवळजवळ ५०. आरओ यंत्र ते बहुतेक सगळं काढून टाकतं. टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या, मीटरवरून यातलं काहीच कळत नाही. ज्यांच्याकडे धरणाचं, मुळातच कमी टीडीएसचं पाणी येतं, त्यांनी आरओ कशासाठी लावावं हे मला कळत नाही; तिथे साधा फिल्टर आणि यूव्ही पुरतं.

एवढं सगळं करून बाटली घ्यायचीच ठरली, तर लेबलवरचा मोठा आकडा सोडा आणि ‘एलिमेंटल’ आकडा शोधा. मॅग्नेशियम गोळीत कुठल्या ना कुठल्या क्षाराच्या रूपात असतं. ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण १४०. सायट्रेटमध्ये १६ टक्के. ऑक्साइडमध्ये ६० टक्के, पण त्याचं शोषण कमी आणि जुलाब जास्त. काही ‘ग्लायसिनेट’मध्ये ऑक्साइड मिसळलेलं असतं, त्यावर बारीक अक्षरात ‘बफर्ड’ लिहिलेलं असतं. आकडा एका कॅप्सूलचा आहे की दोनचा, हेही बघा. अमेरिकेत गोळ्यांतून मिळणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा ३५० मिलिग्रॅम मानतात, युरोपात २५०. १०० ते १५० ने, जेवणासोबत, सुरुवात करणं शहाणपणाचं. शौचाला पातळ झालं तर मात्रा कमी करायची.

उपयोग कशाला होतो? बद्धकोष्ठाला नक्की. मायग्रेनसाठी पुरावा बरा आहे, मात्र तिथली मात्रा वरच्या मर्यादेपलीकडची असते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रक्तदाब उतरतो, पण जेमतेम दोन अंकांनी. झोपेबद्दलचा पुरावा कच्चा आहे. आणि ज्यासाठी बहुतेक जण बाटली आणतात, तो वयस्कर माणसांचा रात्रीचा पोटरीतला गोळा, त्यावर कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात म्हणण्यासारखा फायदा आढळलेला नाही. त्या गोळ्यासाठी थायरॉइड, पोटॅशियम आणि बीपीची गोळी तपासावी. गोळा येतो तेव्हा पायाचा चवडा हाताने गुडघ्याकडे ओढून धरावा.

थायरॉक्सिनची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर ते अँटिबायोटिक मॅग्नेशियमच्या दोन तास आधी घ्या, नाहीतर चार ते सहा तासांनी. एकत्र घेतली तर ती आतड्यातच एकमेकांना धरून बसतात आणि अँटिबायोटिक वाया जातं. हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेट घेतल्यावर निदान दोन तास थांबा.

ज्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं आहे, त्यांनी विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये. जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं, आणि तीच थकलेली असतात. अशा घरांत बाटलीपेक्षा मोठा धोका पित्तावरच्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधांचा आणि बद्धकोष्ठावरच्या मिल्क ऑफ मॅग्नेशियाचा असतो, कारण त्यांना कोणी ‘मॅग्नेशियम’ समजत नाही. मळमळ, चेहरा लाल होणं, ग्लानी, हातापायांत जोर नसणं, नाडी मंद होणं असं दिसलं तर ती बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जावं आणि शेवटचा डोस किती वाजता, किती चमचे घेतला ते सांगावं.