बिग बॉय पुन्हा रुळावर

मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज एकत्र नांदताना ज्यांनी पाहिले, त्यांच्याशी वाफेच्या इंजिनांविषयी बोलताना मी हमखास युनियन पॅसिफिक या अमेरिकी रेल्वे कंपनीच्या ‘बिग बॉय’वर येतो. युटा राज्यातील ऑगडेनच्या पूर्वेकडील वासाच पर्वताच्या चढणीवर जोडइंजिनाविना जड मालगाड्या ओढता याव्यात, म्हणून अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने 1941 ते 1944 या काळात अशी 25 इंजिने बांधली. सुमारे 132 फूट लांबीचे हे धूड वळणावर अडकत नसे, कारण आठ-आठ चालकचाकांच्या दोन संचांपैकी पुढचा संच बिजागरीवर फिरे, तर बॉयलर मागच्या चौकटीला पक्का असे; त्यामुळे वळणावर बॉयलरचे तोंड रुळांबाहेर झुकलेले दिसे. नाव मात्र एका कामगाराने धूरपेटीवर खडूने लिहिले, तेच रूढ झाले.

1959 मध्ये त्यांची नियमित सेवा संपली आणि आठ वाचली. त्यांतील 4014 क्रमांकाचे इंजिन कॅलिफोर्नियातील पोमोना येथे कोरड्या हवेत, स्वयंसेवकांच्या देखभालीमुळे चांगले टिकले. ते 2013 मध्ये युनियन पॅसिफिकने परत मिळवले, शायेनच्या कार्यशाळेत पूर्ण उकलून दुरुस्त केले आणि मे 2019 मध्ये धावते केले. कोळशाऐवजी आता ते तेलावर चालते. हा बदल शुद्धतावाद्यांना खटकला तरी मला तो योग्यच वाटतो, कारण त्यामुळेच हे इंजिन आज मुख्य मार्गावर स्वतःच्या वाफेवर धावू शकते.