शेनयांगचा मांचू राजवाडा

चीनमधला राजवाडा म्हटले की आपल्याकडे बीजिंगच्या फॉरबिडन सिटीचेच नाव घेतले जाते. पण मी राहतो त्या ईशान्य चीनमधल्या शेनयांगच्या जुन्या शहरात तिच्याहून लहान आणि माझ्या मते अधिक बोलका असा एक राजवाडा उभा आहे. याच भागातल्या मांचू लोकांचा प्रमुख नुरहाची याने 1625 मध्ये राजधानी येथे आणून बांधकाम सुरू केले. पुढच्याच वर्षी तो वारला आणि उरलेले काम त्याचा मुलगा होंग ताइजी याने पुरे केले. 1636 मध्ये छिंग या, पुढे चीनची शेवटची ठरलेल्या, राजवटीची घोषणा त्यानेच केली.

पूर्वेकडच्या चौकात मी दर वेळी रेंगाळतो. तेथील दाचंग सभागृह अष्टकोनी आणि दुहेरी छपराचे आहे, समोरच्या दोन खांबांना सोनेरी ड्रॅगनांचे विळखे आहेत, आणि छावणीतला प्रमुखाचा तंबूच जणू लाकडात नि कौलांत उतरवला आहे असे ते पाहताना वाटते. त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना पाच-पाच लहान मंडप आहेत: त्यांतले आठ मंडप मांचू सैन्याच्या आठ ‘ध्वजां’चे, म्हणजे सैन्यविभागांचे, तर दोन डाव्या व उजव्या बगलेच्या राजपुत्रांचे. राजा आणि सरदार एकाच चौकात बसून कारभार पाहत, ही गोष्ट येथे इमारतींच्या मांडणीतच वाचता येते.

मधल्या भागात दरबार खाली, तर राहण्याचे महाल उंच चौथऱ्यावर आहेत. बीजिंगमध्ये उंचीचा मान नेमका उलटा, दरबाराच्या सभागृहांना आहे. तीन मजली फिनिक्स मनोऱ्याखालून वर गेले की छिंगनिंग महाल लागतो. त्याचे दार मध्यावर नसून पूर्वेकडे सरकलेले आहे, आत भिंतींलगत खालून ऊब देणारे विटांचे ओटे आहेत, आणि धुराडे छपरावर नसून मागे जमिनीवरून उभे केलेले आहे. हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा ही साध्या मांचू घराची रचना सम्राटाच्या महालातही का टिकली ते कळते.

1644 मध्ये राजधानी बीजिंगला गेली, तरी छिंग सम्राट येथे येत राहिले. पश्चिमेकडचे वनसू ग्रंथालय सम्राट छ्येनलोंगच्या काळात, 1782 च्या सुमारास बांधले गेले. बाकी प्रमुख छपरे पिवळी असताना याची कौले काळी आहेत, कारण चिनी समजुतीनुसार काळा हा पाण्याचा रंग, आणि ग्रंथांना भय आगीचे. येथे ठेवलेली अवाढव्य हस्तलिखित ग्रंथसंपदा 1966 मध्ये गान्सू प्रांतात हलवली गेली आणि आजही ती तिकडेच आहे.