आमची वाटचाल : लाल दोऱ्याचा दुधी

आमच्या बियांच्या दुकानातली सगळ्यात किमती वस्तू म्हणजे एक दोनशे पानी वही. तिच्यात नफा-तोटा नाही. कोणी कुठलं बी नेलं आणि किती परत देणं आहे, एवढंच तिच्यात लिहिलेलं आहे. पूर्वी खेड्यात पेरणीला सावकाराचे दाणे आणायचे आणि सुगीला दीडपट फेडायचे, त्याला वाढीदिढी म्हणत. आमचाही हिशेब तोच, फक्त पोत्यांऐवजी मुठीचा. मूठभर चवळी नेली तर दीड मूठ परत. बुडवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मागे आम्ही लागत नाही, कारण बहुतेकांच्या गच्चीवर ते बी उगवलेलंच नसतं आणि सांगायला त्यांना लाज वाटत असते.

हा धंदा आम्ही ठरवून काढलेला नाही. आमचा मूळ धंदा शिवणकामाचा. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण शाळेचे गणवेश शिवायचा उद्योगही इथे मोठा आहे. जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा खालच्या खोलीत तीन मशीन टाकली आणि गणवेशाचं जॉबवर्क घेऊ लागलो. मिस्टर नोकरीत, मी मशीनवर. २०१६ साली सासरे गेले आणि सासूबाई मोहोळकडच्या गावातून कायमच्या आमच्याकडे आल्या. सामान म्हणजे एक ट्रंक आणि मातीची तीन गाडगी. गाडग्यांत राख, राखेत बी. दोडका, घेवडा, काटेरी वांगं, अंबाडी. मी म्हटलं, आई, इथे शेत कुठाय? त्या गच्चीकडे बघून म्हणाल्या, "एवढं मोकळं ऊन वाया घालवायलाव की गं."

आमच्याकडे काज-बटणाला एक अक्का यायच्या. शहराच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू. आधी वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या, त्यामुळे बोटं अशी की बटण लावताना सुई दिसायची नाही. एक दिवस आईंनी त्यांना अंबाडीची जुडी दिली. अक्का म्हणाल्या, ही आमची गोंगुरा. आई म्हणाल्या, गोंगुरा नाही बाई, अंबाडी. दोघी एकाच भाजीला दोन नावांनी हाका मारत होत्या. दुसऱ्या दिवशी अक्कांनी कागदाच्या पुडीत दोसकायचं बी आणलं. दोसकाय म्हणजे ती पिवळी, गोलसर, आंबट काकडी, डाळीत घालतात. पहिली अदलाबदल ती. पुढे मशीनवरच्या बाया, त्यांच्या शेजारणी, कोणाची बार्शीची बहीण, असं वाढत गेलं आणि मी वही घातली.

त्या वहीमुळे मला एक कळलं. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं एका गल्लीत राहतात आणि प्रत्येकीच्या डब्यात एखादं बी असतं, जे बाजारात मिळत नाही. एका आजोबांनी वाळकाचं बी आणून दिलं. बाजरीच्या शेतात वेलीवर मिळायचं ते वाळूक, उन्हातानाचं फोडून खायचं. शहरात वाढलेल्या पोरांना ते काकडीच वाटतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या डाळिंबालाही मिळालं. वाळकाला कोण विचारतो? नाव नाही, भाव नाही. पण पन्नाशीच्या पुढचा माणूस दुकानात शिरला की आधी तेच विचारतो.

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. गणवेश जून-जुलैचं पीक. त्याच महिन्यांवर आमचं वर्ष चालायचं. ऑर्डरी रद्द झाल्या, शिवून ठेवलेला माल पडून राहिला, आणि पुढचं वर्षही तसंच गेलं. त्यातच लोक घरात अडकलेले, गच्च्या रिकाम्या. त्याच जानेवारीत राहीबाई पोपेरेंना पद्मश्री जाहीर झाली होती, त्यामुळे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याची एक आदिवासी बाई गावरान बी सांभाळते हे घराघरांत पोचलं होतं. मला दिवसाला तीस-चाळीस फोन यायला लागले. 'गावरान आहे का?' पैसे द्यायला तयार. आम्ही उरलेल्या खाकी कापडाच्या बोटाएवढ्या पिशव्या शिवल्या, वर नाव छापलं आणि बी विकायला काढलं.

इथे आमचा अडाणीपणा सांगितला पाहिजे. आम्हाला वाटलं, घरचं बी विकायला कोण विचारणार? एका ओळखीच्या कृषी पदवीधराने कान उपटले. २००१ च्या कायद्याने आपलं बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क शेतकऱ्याला दिलेला आहे, पण ब्रँड लावून नव्हे, आणि आमच्यासारख्या दुकानदाराला तर नाहीच. बियाण्याचा धंदा करायचा तर १९८३ च्या आदेशाप्रमाणे परवाना लागतो. पाकिटं खाली उतरवली. परवाना मिळेपर्यंत रोपं आणि माती विकली. तो काळ वाईट गेला, पण उगवण कशी तपासायची ते तेव्हाच शिकले. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि कोंब मोजायचे. कांद्याचं बी एका वर्षात म्हातारं होतं हे तेव्हा कळलं. आईंना ते माहीतच होतं, पण मी कधी विचारलं नव्हतं.

परवाना आला आणि २०२१ च्या उन्हाळ्यात पाकिटं परत निघाली. सगळ्यात जास्त दुधीची. बी माझ्या नणंदेचं, मंगळवेढ्याकडच्या शेतातलं. वेल असा की मांडव खाली येईल.

ऑगस्टमध्ये विजापूर रोडवरून एका ताईंचा फोन आला. "अहो, दुधी कडू लागायलाय ओ. काकडीसारखी एकच फोड खाल्ली तरी तोंडातून कडूपणा जाईना." माझ्या पोटात गोळा आला. कडू दुधी हा चवीचा प्रश्न नाही. त्यातलं कुकुरबिटासिन विषारी असतं, शिजवून जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. त्यांना म्हटलं, पुढचा घास घेऊ नका, उलटी-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांकडे जा. सुदैवाने त्यांनी एकच फोड खाल्ली होती. मग वही काढली. ६४ पाकिटं गेली होती. तेव्हा मला त्या वहीची खरी किंमत कळली, कारण पाकीट विकतानाही सवयीने मी नाव आणि नंबर लिहिलेला होता. दोन दिवस आम्ही दोघं आणि अक्का फोनच करत होतो. वेल उपटा, फळ जनावरालाही घालू नका, पैसे घेऊन जा. पाच जण सापडले नाहीत. त्यातल्या एकांच्या घरी मिस्टर गाडी घेऊन गेले.

मग नणंदेला फोन केला. तिला राग आला आणि तो बरोबरच होता. "वहिनी, मी तुला कडू बी देईन का? गेल्या श्रावणात तूच माझ्याकडे दुधीची भाजी खाऊन गेलीस की."

खाल्ली होती, आणि गोड होती. मग कडूपणा आला कुठून?

शेवटी बांधापलीकडे सापडला. भीमेच्या काठाला पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात तंबोऱ्याचे भोपळे लावतात. ते वाळवून मिरजेला जातात आणि सतार, तंबोरे होतात. मिरजेच्या त्या वाद्यांना २०२४ ला मानांकनही मिळालं. तो भोपळा कडू, आणि जातीने दुधीच. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीचे पतंग त्यावर फिरतात, त्यांना बांध कळत नाही. परागकण तंबोऱ्याचा आला तरी त्या वर्षीचं फळ गोडच निघतं, कारण फळ सगळं आईचं असतं. आत बी मात्र दोघांचं. पुढच्या वर्षी ते बी उगवलं की बाप दिसतो. नणंदेने मला गोड दुधीचंच बी दिलं होतं, त्यात तिची काय चूक?

टोमॅटो, घेवडा, चवळी ही सरळ माणसं, स्वतःच्या फुलातच बहुतेक भागवतात. त्यांचं बी धरायला फार अक्कल लागत नाही. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून धुतला की झालं. वेलवर्गीय सगळे भटके. त्यांना निदान अर्धा किलोमीटर लांब ठेवायचं किंवा फुलाला कोंडायचं. शहरात अर्धा किलोमीटर कुठून आणणार? म्हणून आम्ही कोंडायला शिकलो.

संध्याकाळी उमलायच्या आधी वेलीवर फिरायचं. मागे इवलासा दुधी असतो ती मादी कळी, नुसता देठ असतो तो नर. दोन्ही कळ्यांवर मलमलची पिशवी चढवायची. तिन्हीसांजेला फूल उमललं की नर तोडून मादीवर हलकेच फिरवायचा, पिशवी परत बांधायची आणि देठाला लाल दोरा. फळ धरलं की पिशवी काढायची, दोरा ठेवायचा. ते फळ भाजीला तोडायचं नाही, वेलीवरच वाळू द्यायचं, हलवल्यावर आत खुळखुळ वाजेपर्यंत. लाल दोरा नसेल त्या दुधीचं बी दुकानात येत नाही, मग ते कोणाचंही असो. हे काम पहिल्या दिवसापासून अक्कांनी घेतलं. मी तीन कळ्या बांधते तेवढ्यात त्यांच्या दहा होतात. म्हणाल्या, "पान असू दे नाहीतर फूल, बोटं तीच." विडीच्या कामाने त्यांच्या पाठीचं काय झालंय ते मी बघते, त्यामुळे ह्या वाक्याचं फार कौतुक मला करवत नाही. त्यांना आता आमच्याकडे महिन्याचा पगार आहे.

मलमलच्या पिशव्या आमच्याच मशीनवर शिवतो. गणवेश परत सुरू झाले आहेत, तीनपैकी दोन मशीन त्यांची, एक पिशव्यांची. खरं सांगायचं तर घर अजूनही गणवेशावरच चालतं. बियाण्याच्या बाजूला पैसा मिळतो तो मातीचा. काळी माती कुंडीत एकटी घातली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होतो, म्हणून तिच्यात साखर कारखान्याचं कुजलेलं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), शेणखत आणि कोकोपीट मिसळून देतो. रोपं थोडीफार जातात. बी विकून आम्ही श्रीमंत होणार नाही हे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

नुकसानीचं अजून एक कारण आमचंच तोंड. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, नळाला पाणी काही दिवसांआड, स्लॅब रात्री दहालाही गरम. अशात कोणी उत्साहाने टोमॅटोची रोपं मागितली की मी देत नाही. फुलं गळणार हे दिसत असताना वीस रुपये कशाला घ्यायचे? मिस्टर म्हणतात, अशाने दुकान कसं चालायचं. सासूबाई अक्षय्यतृतीयेला आळी करायच्या. ती रीत आम्ही पाळतो ती एवढीच, की त्या सुमाराच्या रविवारी बियांची अदलाबदल ठेवतो. पेरायचं मात्र मृग लागल्यावर.

गेल्या वेळच्या अदलाबदलीला सव्वाशेच्या आसपास माणसं आली. बरेच जण पाकिटातल्या संकरित टोमॅटोचं बी धरून आणतात आणि प्रत्येक झाडाला वेगळं फळ का आलं म्हणून विचारतात. त्यांना चहा पाजून समजावतो. नणंदही आली होती. तिने आता घरामागे, तंबोऱ्याच्या भोपळ्यांपासून लांब वेल केलाय. पिशवीतून वाळलेला दुधी काढून माझ्या कानाशी खुळखुळवला आणि आधी लाल दोरा दाखवला, मग म्हणाली, "आता तरी लिही माझं नाव वहीत."

शेंदाड, म्हणजे पिकलं की फुटणारं ते वेलीवरचं फळ, विचारणाऱ्यांनी यंदा येऊ नये. शेंदाड आणि अक्कांचं दोसकाय एकाच जातीचे निघाले, हे आम्हाला दोन्ही एकाच गच्चीवर लावल्यावर कळलं. पिशव्या दुधीला बांधत बसलो आणि हे दोघं मोकळे राहिले. त्या बियांपासून जे आलं ते ना फुटत होतं ना आंबट होतं, रंगाने पिवळं, चवीला बरं. कडू नाही, स्वतः चाखून बघितलं. त्याची पुडी आम्ही वेगळी ठेवली आणि वर लिहिलं, 'काय आहे माहीत नाही, फुकट'. अदलाबदलीत सगळ्यात आधी तीच संपली.