ब्रेक आवळून क्रँक थांबत नाही : श्रीवर्धन ते चिपळूण

बेत साधा होता. पुण्याहून श्रीवर्धनपर्यंत सायकली गाडीला लावून न्यायच्या, तिथून चिपळूणपर्यंत चालवायच्या. तिघं जण, तीन सायकली, डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचा कॅरिअर. निघताना एका जाणकार मित्राने छातीठोकपणे सांगितलं, "मागचा ब्रेक रबराने आवळून ठेव, क्रँक जागचा हलणार नाही." क्रँक म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा. मी ऐकलं.

ताम्हिणीतल्या खड्ड्यांनी निकाल लावला. माणगावला चहाला उतरलो तर मधल्या सायकलच्या पेडलने शेजारच्या नव्या कोऱ्या सायकलचा रंग पार धातूपर्यंत खरवडला होता. गाडीच्या दारावर अर्धगोल ओरखडा, तो वेगळाच. पेडलला पकडीसाठी लोखंडी खिळे आहेत, म्हणजे कानसच की. दार माझं, सायकल मित्राची. श्रीवर्धनपर्यंत गाडीत कोणी कोणाशी धड बोललं नाही.

ब्रेक आवळल्याने चाक थांबतं. त्यामुळे क्रँक पुढे फिरत नाही, एवढंच. मागे तो मोकळाच असतो, कारण फ्रीव्हीलचं, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक पुढे फिरू देणाऱ्या मागच्या चाकातल्या भागाचं, कामच ते आहे. चाक फ्रेमला बांधा नाहीतर ब्रेक आवळा, उलट्या दिशेने पेडल गरगर फिरणारच. आणि दाटीत लावलेल्या सायकली हिसक्यागणिक एकमेकींची पेडलं ढकलत असतात. तेव्हा बांधायचा तो क्रँकच.

माणगावलाच पंक्चरवाल्याकडून मोटारसायकलची फाटकी ट्यूब घेतली. फुकट. तिच्या बोटभर रुंदीच्या, हातभर लांबीच्या पट्ट्या कापल्या. डावा क्रँक मागे वळवून चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाच्या आसाकडे जाणाऱ्या आडव्या नळीला, समांतर आणायचा आणि पेडलच्या जवळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन ताणून गाठ मारायची. डावीकडेच, कारण तिकडे चेन नाही, हात काळे होत नाहीत. बुंध्याजवळ बांधलंत तर टोक डुगडुगतं.

बाकीचेही उपाय करून बघितले. हूकवाली बंजी दोरी ताणली जाते आणि हूक रंग काढतो, बाद. चिकटपट्टीचा डिंक उन्हात फ्रेमवर बसतो, बाद. झिप टाय पक्का, पण दरवेळी कापावा लागतो आणि खाली कापड नसेल तर नळीला घासतो. वेल्क्रोचा पट्टा उत्तम, पण ट्यूब फुकट असताना कशाला?

एक गंमत. सायकल मागे ढकलली की चाक चेन ओढतं आणि क्रँक उलटा फिरतो. बागमांडल्याच्या जेटीवर सायकल मागे घेताना पेडल नडगीवर बसलं, अजून निळं आहे. क्रँक बांधलेला असेल तर सायकल मागे जातच नाही, चाक घासटतं. पुढे ढकला, नाहीतर उचला.

वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णै, मग दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट आणि गुहागर. छान झालं. चढ आहेत, गिअर असू द्या.

गाडी मित्राचा भाऊ श्रीवर्धनहूनच परत घेऊन गेला होता, म्हणून चिपळूणहून खासगी बस धरली. क्लीनरने सायकलमागे ५०० मागितले, पावती नाही. अर्धा तास हुज्जत घालून ३०० वर आला. तेही जास्तच, पण रात्रीचे दहा वाजले होते आणि पायांत त्राण नव्हतं. तिकीट काढतानाच सायकलचे पैसे ठरवून घ्या. बस दारात उभी राहिल्यावर भाव त्याचाच.

बसच्या डिकीत सायकल आडवी जाते, तेव्हा पेडलं काढाच. १५ चा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. कसं लक्षात ठेवायचं? पाना वरच्या बाजूने लावून मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पेडलं सुटतात. परत बसवताना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या खेपेला पान्यावर उभं राहावं लागेल. पेडलं काढली तरी क्रँक बांधलाच, आता विश्वास कशावरच नव्हता.

कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला बस थांबली तेव्हा डिकी उघडायला लावली. सायकलवर कोणाचं तरी नारळाचं पोतं टाकलेलं होतं. क्रँक जागेवर होता.